ठराव रद्द होतो, म्हणून कायदा मागा!

दरवर्षी ५ जूनला पनवेलमध्ये पर्यावरण दिन साजरा होतो. रोपे लावली जातात, पाहुण्यांच्या हस्ते पाणी घातले जाते, फोटो निघतात. आणि याच तालुक्यात तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणारी कासाडी नदी कारखान्यांचे पाणी पोटात घेऊन खाडीकडे जात असते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातली भटकी कुत्री निळी झाली, त्यांची छायाचित्रे जगभर गेली. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर कारवाई केली. कुत्री निळी झाली म्हणून जग हळहळले, ते योग्यच झाले. पण त्याच पाण्यात पिढ्यानपिढ्या जाळे टाकणारा कोळी आणि नदीकाठच्या वस्तीतली माणसे यांची बातमी किती वेळा झाली?

काही वर्षांपूर्वी आम्ही एक शिष्टमंडळ घेऊन एका लोकप्रतिनिधीकडे गेलो. सोबत मच्छिमार होते, वस्तीतल्या आयाबहिणी होत्या. साहेबांनी निवेदन घेतले, कोपऱ्यात ‘योग्य कार्यवाही करावी’ असा शेरा मारला, आमच्याबरोबर फोटो काढला. चार महिन्यांनी पत्र आले : ‘आपले निवेदन पुढील कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे.’ विषय संपला.

मी पुष्कळ संतापलो. पण घरी येऊन निवेदनाची प्रत पुन्हा वाचली तेव्हा चूक आमचीही होती हे लक्षात आले. ते मीच लिहिले होते. त्यात एवढीच मागणी होती की, ‘नदीचे प्रदूषण त्वरित थांबवावे.’ आमदार कारखान्याची पाईप बंद करू शकत नाही. तो सभागृहात प्रश्न विचारू शकतो, सरकारकडून उत्तर घेऊ शकतो, विधेयक मांडू शकतो. जे त्याच्या हातात आहे ते आम्ही मागितलेच नव्हते! वकील असून मी असे मोघम निवेदन लिहिले, याची लाज वाटली.

महाराष्ट्रात नद्यांसाठी एक धोरण होते. नदीपासून किती अंतरावर कोणत्या प्रकारचा कारखाना येऊ शकतो, हे सन २००० च्या नदी नियमन क्षेत्र धोरणाने ठरवले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने ते रद्द केले. त्यासाठी विधानसभेत विधेयक आणावे लागले नाही, मतदान घ्यावे लागले नाही. कारण तो कायदा नव्हताच, ते फक्त शासनाचे धोरण होते. जे मंत्रालयाच्या कागदाने जन्मते ते मंत्रालयाच्या कागदानेच मरते.

आपल्या समाजाला हा धडा नवा आहे काय? मुळीच नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला! पुढे कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. पाण्याच्या हक्कासाठी ठराव, सत्याग्रह आणि न्यायालय अशी तिन्ही दारे ठोठवावी लागली. महाड आणि पनवेल एकाच जिल्ह्यात आहेत, हे विसरू नये.

चौथे दारही बाबासाहेबांनीच दाखवले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने धडकले. आत विधेयक, बाहेर जनता. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. परंतु खोती संपवणारा कायदा १९४९ मध्ये झालाच.

न्यायालयाचे दार आपल्याला ठाऊक आहे. कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीला मनाई केली, २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला. कासाडीचा प्रश्न पनवेलच्या एका नगरसेवकाने हरित लवादाकडे नेला. हे मोलाचे काम आहे. परंतु न्यायालय आहे तो कायदा लावते. नवा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे आणि ते करून घेणे हे मतदारांचे.

म्हणून निवेदन नेमके हवे. अधिवेशनाआधी आमदारांना लेखी विचारा : तळोज्याच्या सांडपाण्याबद्दल तुम्ही तारांकित प्रश्न देणार का? लक्षवेधी सूचना मांडणार का? नदीकाठाच्या संरक्षणासाठी अशासकीय विधेयक आणणार का? मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले आणि पाळले नाही, तर ते आश्वासन समितीपुढे नेता येते. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क आहे, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. अनुच्छेद ४८क राज्याला पर्यावरण रक्षणाचे काम सांगतो, ५१क(छ) तेच कर्तव्य नागरिकाला सांगतो.

कोणी म्हणेल, कारखान्यांत आपलीच पोरे कामाला आहेत, कारखाना बंद पडला तर खाणार काय? प्रश्न खरा आहे. पण कारखाना बंद करा असे कोण म्हणते? पाणी शुद्ध करून सोडा, एवढेच म्हणणे आहे. तो खर्च वाचवून मालक नफा घेतो आणि आजारपण कामगाराच्या घरी येते. पोटाची भीती दाखवून पाण्याचा हक्क सोडायला लावणे, हा प्रकार आपल्या आजोबांनीही पाहिला होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या तालुक्यात विमानतळाचे उद्घाटन झाले. आता आणखी इमारती येतील, आणखी भराव पडतील. गाढी, कासाडी, खाडी यांचे काठ कोणत्या कायद्याने वाचणार, हे आजच विचारले पाहिजे. आमदार निवेदनावर शेरा मारू लागले, तर त्यांना नम्रपणे सांगा : साहेब, शेरा नको, प्रश्नाचा क्रमांक द्या. आणि अधिवेशन संपल्यावर उत्तर मागायला पुन्हा त्याच दारात जा.