पगार हे देणे आहे, खैरात नव्हे

रमजानच्या दिवसांत कुरुळीतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये पहाटे लवकर दिवे लागतात. एकजण सहेरी उरकून पहिल्या पाळीच्या बसची वाट पाहतो, तर त्याच खोलीतला मराठवाड्याचा सोबती डबा भरत असतो. एकाला रोजा असतो, दुसऱ्याला नसतो. पण सात तारीख उलटली की दोघांचा प्रश्न एकच असतो : ठेकेदाराने पगार टाकला का?

इस्लामने हा प्रश्न गंभीर मानला आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असेही हदीसमध्ये आले आहे. याला ‘हुकूकुल इबाद’, म्हणजे माणसांचे एकमेकांवरील हक्क म्हणतात. नमाज-रोजातली चूक अल्लाह माफ करील. पण माणसाचा हक्क बुडवला, तर तो परत केल्याशिवाय किंवा त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटका नाही.

कुरुळी ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कन्हेरसर हे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी एका निवेदनावर सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि जखमी कामगाराला मदत यांबरोबर त्यात आणखी एक साधी मागणी होती : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. वेळेवर पगार देण्याच्या कायद्याला मात्र १९३६ साल उजाडले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे. काम सुटले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. थकलेल्या पगारासाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

वाद आहे तो ठेकेदारीच्या तरतुदींवर. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठेकेदाराला लागू होता. महाराष्ट्राने ही मर्यादा आधीच पन्नासवर नेली होती. आता ती देशभर पन्नास झाली आहे. छोट्या ठेकेदाराला परवाने आणि रजिस्टरांच्या जाचातून सोडवायला हवे, असे उद्योजक म्हणतात. त्यातही तथ्य आहे. पण तीस माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराने पगार बुडवून फोन बंद केला, तर त्या तिसांनी कोणाकडे पाहायचे? मोठ्या ठेक्यात ठेकेदार चुकला तर मूळ मालकाने पगार द्यावा, असे कायदा स्पष्ट सांगतो. छोट्या ठेक्यातल्या कामगाराला वेतन संहितेचा आधार राहतो, पण कंपनीच्या दारात हक्काने उभे राहणे त्याला कठीण जाते. सर्वांत दुबळा कामगार याच छोट्या ठेक्यांत असतो, म्हणून ही मर्यादा पुन्हा तपासायला हवी.

तोवर एक हिशेब आपल्या हातात आहे. वेल्डिंग, फॅब्रिकेशन, भंगार, मजूर पुरवठा या धंद्यांत मुस्लिम मालकही आहेत. जकात काढताना देणी आधी वजा करायची असतात. कामगाराचा थकलेला पगार हे असेच देणे आहे. तो पैसा मालकाचा राहिलेलाच नाही, मग त्यातून दानधर्म कसा होणार? ईदच्या नमाजआधी फित्रा द्यायचा, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्याआधी कामगाराच्या घरी पगार पोहोचावा. कायद्याला वीस किंवा पन्नासची मर्यादा असेल, घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण एका मजुरालाही लागू आहे.