तळघरातला षड्ज

जॅझ म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला क्लब येतो. सिगारेटचा धूर, चमचमते कपडे, मागे ट्रंपेटचा गोंगाट. आज मी ज्या क्लबबद्दल बोलणार आहे तो तसा झगमगीत नाही. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातले ते एक तळघर आहे. नाव व्हिलेज व्हॅनगार्ड, १९३५ साली सुरू झालेले. जिना उतरून खाली जायचे. पाचरीच्या आकाराची खोली, माणसे मावतात जेमतेम सव्वाशे.

नोव्हेंबर १९६१ च्या पहिल्या आठवड्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन इथे वाजवत होते. त्यातल्या चार रात्री रूडी व्हॅन गेल्डर यांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत वाजलेल्या एका रचनेचे नाव आहे ‘इंडिया’.

जॅझमध्ये धून चालू असताना तिच्याखालचे स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, बदलत राहतात. वादकाला दर वेळी नव्या घरात शिरून आपले म्हणणे मांडावे लागते. कोल्ट्रेन यांच्या ‘जायंट स्टेप्स’ (१९६०) या तबकडीच्या शीर्षकधुनेत ही घरे इतक्या झपाट्याने बदलतात की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. ‘इंडिया’त ही धावाधाव त्यांनी थांबवली. खाली एकच आधारस्वर. तो धरायला एक सोडून दोन डबल बास, रेजी वर्कमन आणि जिमी गॅरिसन यांचे. कधी अहमद अब्दुल-मलिकही तंतुवाद्य घेऊन साथीला बसले. आपल्या तानपुऱ्याचेच काम म्हणा ना! कोल्ट्रेन पंडित रविशंकरांच्या तबकड्या ऐकत होते, हे जगजाहीर आहे.

पण म्हणून याला राग म्हणण्याची घाई नको. आपली मंडळी ती फार लवकर करतात आणि ‘शेवटी आले ना आमच्याकडेच’ म्हणून खूश होतात. रागाला वादी-संवादी, वर्ज्य स्वर यांची शिस्त असते. इथे ती नाही. एल्विन जोन्स यांच्या ड्रमवर लय आहे, पण मान डोलवावी अशी सम नाही. दोन-तीन लयी एकमेकींच्या अंगावर चढत जातात. एरिक डॉल्फी यांचे बास क्लॅरिनेट तर कुणी म्हातारा घोगऱ्या आवाजात तंटा करत असावा तसे बोलते. पाया एका स्वराचा असला, तरी वरचे बोलणे ब्लूजचे, काळ्या माणसांच्या प्रार्थनेचे आहे. ‘उसनवारी’ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. मी मराठीत गझल लिहितो. साचा फारसीतून उर्दूत, उर्दूतून इकडे आला. पण दळण आमच्याच जात्यावरचे असते.

सगळ्यांना हे रुचले नाही. त्याच महिन्यात ‘डाउन बीट’ मासिकात जॉन टायनन या समीक्षकाने, कोल्ट्रेन-डॉल्फींचे लॉस एंजेलिसमधले वादन ऐकून, त्याला ‘जॅझविरोधी’ ठरवले. म्हणजे ज्यांचे घर त्यांनाच घराबाहेर काढले! एप्रिल १९६२ मध्ये दोघांनी त्याच मासिकातून उत्तर दिले. डॉल्फींनी त्यात आपण पाखरांच्या संगतीने वाजवत असू, असे सांगितले. मला हे उत्तर फार आवडते.

‘इंडिया’ १९६३ च्या ‘इम्प्रेशन्स’ या तबकडीत आली. सुमारे चौदा मिनिटांची आहे. मिळाली तर पहिल्या खेपेला सॅक्सोफोनच्या मागे धावू नका. खालच्या दोन बासांवर कान ठेवा. एक जागा धरून बसतो, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. दुसऱ्या खेपेला डॉल्फी.