गाणे सर्वांचे, पण नाव कुणाचे?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात गाण्याला तोटा नाही. दिवाळी सरली की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात आणि रात्र-रात्र पदे रंगतात. गोंड-माडिया गावांत रेला गीतांचा फेर धरला जातो. ऑक्टोबरच्या १५-१६ तारखांना चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीते कानी पडतात. गाणे आपण ऐकतो, गुणगुणतो. ते कुणी रचले, कुणी गायिले, हे मात्र क्वचितच विचारतो. म्हणूनच मुंबईच्या एका गाण्याची हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

'स्वदेशी' हा मुंबईतील तरुणांचा रॅप गट. रॅप म्हणजे तालावर झपाझप म्हटलेले बोल. पोवाडा ऐकून वाढलेल्या आपल्या माणसांना त्यात परके असे काही वाटू नये. या गटात अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हा आपल्या विदर्भाचा तरुणही आहे. शंभराचा आकडा आणि त्यापुढे तीन इंग्रजी अक्षरे, असे तो आपले नाव लिहितो. शंभरला हिंदीत 'सौ' म्हणतात हे ध्यानात आले की 'सौरभ' उलगडतो!

या गटाने २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले. गोरेगावच्या आरे वसाहतीत वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. तेथे मेट्रोची कारशेड येणार, झाडे तुटणार, म्हणून लोक झगडत होते. शहरात बसून त्यांच्या दुःखावर चार ओळी लिहिणे सोपे होते. या पोरांनी तसे केले नाही. आरेतीलच केलटीपाड्याचे वारली गायक व कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना त्यांनी सोबत घेतले. एकीकडे भोईरांचा मातीतला आवाज आणि दुसरीकडे तरुणांचे रॅप, असे ते गाणे आहे. गाण्याच्या नावाबरोबर भोईरांचेही नाव छापले आहे. आम्हाला ही गोष्ट लाखमोलाची वाटते.

गाण्याचे नावही उगाच ठेवलेले नाही. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूकडे, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड पुकारले होते. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो इतिहास आहे. नातवंडांच्या पिढीला तो रॅपमधून आठवला.

मग गाण्याने झाडे वाचली काय? नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. आरेला जंगल म्हणून जाहीर करण्याची मागणीही मान्य झाली नाही. त्याच रात्री झाडे तोडणे सुरू झाले. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये ती पुन्हा आरेतच आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो धावू लागली. या गटाचा गुजराती रॅपर धर्मेश परमार ऊर्फ तोडफोड हा मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला.

तरीही गाणे वाया गेले, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही कारकुनी केलेली माणसे. कागदावर जे नाही ते नाहीच, असे धरून कचेरी चालते. आरे कागदावर जंगल नव्हते. तेथे जंगल होते, माणसे होती, ही साक्ष त्या गाण्यात राहिली.

आपल्या जिल्ह्यांना हा मुद्दा फार जवळचा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुरावा मानला आहे. म्हातारी माणसे ज्या डोंगर-नाल्यांची नावे सांगतात, ती कित्येकदा त्यांच्या गाण्यांतही असतात. तिकडे सुरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी खोदला जात आहे. डोंगर गेल्यावर त्याचे नाव कोठे शोधायचे?

नावाचे मोल आपल्या शाहिरांनी केव्हाच ओळखले होते. वामनदादा कर्डक गीताच्या शेवटी 'वामन' असे आपले नाव गुंफीत. कॅसेटच्या वेष्टनावर नाव असो वा नसो, गाण्यातून ते कोण काढणार? पण आजी जात्यावर म्हणते त्या ओवीत, फेरातल्या रेल्यात, असे नाव नसते. कुणीही ते मोबाईलवर टिपतो, त्यावर ढोल-ताशे चढवितो, आणि गाणे त्याचे होते.

घरोघरच्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. आजीचे गाणे जरूर टिपा, त्यावर तुमचा नवा ताल जरूर चढवा. परंतु आधी तिला विचारा. तिचे नाव, गाव आणि गाण्यात आलेल्या डोंगर-नाल्यांची नावे वहीत उतरवून ठेवा. गाणे लोकांपुढे नेताना आपल्या नावाआधी तिचे नाव घाला, आणि चार पैसे आलेच तर तिचा वाटा तिच्या हातात ठेवा.