पॅलेटचा बगळा गुडघ्यातच का कुजला?

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ब्रेकनरिज गावी २०१८ मध्ये थॉमस डांबो या डॅनिश कलाकारानं भंगार लाकडाचा एक अवाढव्य ट्रोल बसवला. (ट्रोल म्हणजे उत्तर युरोपातल्या लोककथांमधला राक्षस. इंटरनेटवरचे ते वेगळे!) बघ्यांची इतकी गर्दी झाली की आसपासचे रहिवासी वैतागले आणि त्याच वर्षी तो काढावा लागला. पुढच्या वर्षी दुसऱ्या जागी नव्यानं उभारला.

पण गर्दी झालीच नसती, तर अशी शिल्पं किती टिकतात? माझी पीएचडी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर आहे, त्यामुळे मला हेच आधी सुचतं.

गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी हॉस्टेलमागे जुन्या पॅलेटच्या फळ्यांचा एक बगळा केला होता. पावसाळ्यानंतर पाहिलं तर पायाच्या फळ्या मधोमध ठणठणीत, पण गुडघ्याच्या सांध्यात स्क्रूड्रायव्हर लोण्यात घुसावा तसा आत गेला. असं का?

लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी समजा. फळीच्या पृष्ठभागातून पाणी सावकाश मुरतं, पण कापलेल्या टोकाला या नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथून ते भराभर आत जातं. सांध्यात दोन टोकं चिकटून बसली की वाळायला वाराच लागत नाही. लाकडात २० टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर बुरशीचं काही चालत नाही. ३०च्या आसपास गेलं की तिची चंगळ. पॅलेटला बहुतेकदा पाइनसारखं लाकूड वापरतात. सागाच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी रसायनं असतात, पाइनमध्ये तितकी नसतात.

काळजीची गोष्ट ही की, तपकिरी कूज धरणारी बुरशी आधी सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. लाकडाचं वजन जेमतेम घटलेलं असतं, दिसायलाही बरं दिसतं, पण ताकद निम्म्याहून खाली गेलेली असू शकते. आमच्या बगळ्यावर मुलं चढायची. म्हणून तो लगेच उतरवला.

‘पण पॅलेटवर एचटी शिक्का होता ना?’ असं एका मित्रानं विचारलं. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेला. त्यानं तेव्हा आत असलेले किडे मरतात. उद्या येणाऱ्या बुरशीला तो शिक्का काही अडवत नाही. एमबी लिहिलं असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते लाकूड मी घेतच नाही.

यंदा सांध्यांत बोटभर फट ठेवली, वरची टोकं तिरकी कापली आणि पाय दगडांवर टेकवले. मातीत पुरले नाहीत.

जुना बगळा वॉचमनकाकांना पाणी तापवायला हवा होता. त्यात एक हिरवट झाक असलेली फळी होती, कुठून आली कोणालाच आठवेना. तांबं-क्रोमियम-आर्सेनिक मुरवलेलं लाकूड असं दिसू शकतं, आणि ते जाळलं तर आर्सेनिक धुरात नि राखेत उतरतं. बाकीच्या फळ्या शिक्के पाहून काकांना दिल्या. ती हिरवट फळी अजून माझ्या टेबलाखाली आहे, लॅबमध्ये तपासायची राहिलीये.