समितीला कॅमेरा घेताय? आधी हे वाचा

जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या समितीला लोक जैवविविधता नोंदवही करावी लागते. तिच्यात गावचे पक्षी, झाडं, देशी वाण यांचे फोटो हवेत. मग सरपंच विचारतात, 'साहेब, लग्नातल्या फोटोग्राफरकडे असतो तसला डीएसएलआर घेऊ का?'

माझं मत विचाराल तर नको. नुसत्या बॉडीवर भागत नाही. तळ्यापलीकडचा बगळा टिपायला लांब लेन्स वेगळी घ्यावी लागते आणि ती पुष्कळदा बॉडीहून महाग पडते. शिवाय रानात लेन्स बदलताना धूळ थेट आत जाते. त्यापेक्षा सुपरझूम बरा. २०२० साली आलेल्या निकॉन पी-९५० ला एकाच पक्क्या लेन्समध्ये ८३ पट झूम आहे, वजन किलोभर.

खोट आहेच. त्याचा प्रकाश झेलणारा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान; नेहमीच्या डीएसएलआरचा क्षेत्रफळाने साधारण १३ पट मोठा. त्यामुळे दिवेलागणीला घुबड टिपायला जाल तर फोटो दाणेदार येणार. काम सकाळीच उरका. दुपारच्या झळांत लांबचं चित्र थरथरतं, तिथे भारी कॅमेराही हात टेकतो! कॅमेरा बांधावर पोत्याच्या घडीवर टेकवा. किडीचा फोटो घेताना मात्र झूम पूर्ण मागे घ्या आणि कॅमेराच पानाजवळ न्या.

गावातल्या एखाद्या पोराकडे डीएसएलआर आणि लांब लेन्स असेल, तर खरेदी कशाला? त्यालाच कामात घ्या. नाहीतर ठरावाआधी दुकानाबाहेर येऊन खांबावरचा कावळा टिपून बघा.