लहान अनुदान, थोडी वीज : आधी हिशेब, मग यंत्र

एक कोडे घालतो. एक दुर्गम खेडे आहे. घरे दीडशे. सर्वांत जवळची विजेची तार चार डोंगर ओलांडून पलीकडे. हिवाळा कडाक्याचा. अशा गावाला एका संस्थेचे पत्र येते : 'ऊर्जेच्या कामासाठी आम्ही तुम्हांला एकदाच अनुदान देऊ. रक्कम लहान आहे, आणि ती पुन्हा मिळणार नाही.' गावाने या पैशांतून काय घ्यावे?

वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक मुले म्हणतात, 'जनित्र घ्यावे.' उत्तर चूक आहे असे नाही, पण ते घाईचे आहे. जनित्र घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. ऊर्जा कशासाठी हवी? ती जवळपास कशात आहे? आणि यंत्र बंद पडले तर ते कोण सुरू करणार? हे तीन प्रश्न घेऊन आपण आधी आपल्या सातपुड्यात आणि मग दूरच्या थंड मुलखात जाऊन येऊ.

डिझेलचे जनित्र का नको?

जनित्र बसवणे सोपे आहे, चालवणे महाग आहे. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे १० युनिट उष्णता निर्माण होते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालवण्यास लागणारी ऊर्जा.) लहान जनित्र त्यांपैकी जेमतेम ३ युनिट वीज देते. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि यंत्र थंड ठेवण्यात निघून जाते. शिवाय ते लिटरभर डिझेल डोंगर चढून वर न्यायला हवे. अमेरिकेच्या अलास्का राज्यात रस्ते न पोहोचलेली सुमारे दोनशे खेडी बरीचशी डिझेलवर अवलंबून आहेत. समुद्र आणि नद्या गोठण्यापूर्वी वर्षाचे तेल बोटींनी आणून साठवावे लागते. म्हणूनच आर्क्टिक वृत्ताच्या थोडेसे उत्तरेला असलेल्या कॉट्झेब्यू या गावाने १९९७ साली पवनचक्क्या उभारल्या. वारा सुटला की तेवढे तेल वाचते.

थोडक्यात, एकदाच मिळणाऱ्या पैशांतून रोज पैसे खाणारे यंत्र घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

बिलगावचा ओढा

आता सातपुड्यात येऊ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी तो आपल्या धुळे जिल्ह्याचाच भाग होता. या जिल्ह्याच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात उदई नदीच्या काठी बिलगाव हे आदिवासी गाव आहे. उदई पुढे नर्मदेला मिळते. घरे डोंगरउतारांवर, वेगवेगळ्या पाड्यांत विखुरलेली. अशा ठिकाणी खांब रोवून तार नेण्याचा खर्च फार आणि विजेचा खप थोडा, म्हणून तार येण्यास उशीर लागतो.

बिलगावच्या लोकांनी तारेची वाट पाहिली नाही. २००३ साली त्यांनी नदीच्या पाण्यावर १५ किलोवॉटचा लहानसा वीजसंच उभा केला. तांत्रिक बाजू केरळमधील 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या गटाच्या अभियंत्यांनी सांभाळली. पैशांच्या मदतीत 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या संस्थेचा वाटा होता. १९९१ साली अमेरिकेतील भारतीयांनी ती स्थापन केली. आणि दगड वाहणे, बांध घालणे, चर खणणे हे काम गावाने श्रमदानाने केले. पुढे २००४ साली आलेल्या 'स्वदेस' या चित्रपटात गावकरी ओढ्याच्या पाण्यावर दिवा पेटवतात, तो प्रसंग तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो याच जातीचा प्रयोग आहे.

पाण्यातून किती वीज मिळेल हे आधी कागदावर काढता येते. पाण्याचा प्रवाह दर सेकंदाला किती घनमीटर आहे ते मोजा. पाणी किती मीटर खाली पडते ते मोजा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याला ९.८ ने गुणा. उत्तर किलोवॉटमध्ये येते.

प्रवाह कसा मोजायचा? त्यासाठी लाकडाचा तुकडा पुरे. समजा, ओढा १ मीटर रुंद आणि पाव मीटर खोल आहे. तुकडा १० मीटर अंतर २० सेकंदांत गेला, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. गुणाकार केला तर ०.१२५ घनमीटर येतात. पण तळाशी पाणी पृष्ठभागापेक्षा सावकाश वाहते, म्हणून सुमारे आठ दशांश धरू. प्रवाह झाला ०.१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर. हे पाणी ३० मीटर खाली पडत असेल तर शक्ती २९.४ किलोवॉट. नळातील घर्षण, चक्र आणि जनित्र यांत निम्मी गेली असे मानले तर हाती सुमारे १५ किलोवॉट उरतात.

हा हिशेब मात्र उन्हाळ्यात करावा. पावसाळ्यात दुथडी वाहणारा ओढा वैशाखात दोरीसारखा बारीक होतो. जो संच भर पावसातील पाणी पाहून घेतला, तो वर्षातले कित्येक महिने रिकामा बसेल.

१५ किलोवॉट म्हणजे किती?

१५ किलोवॉट आपल्या दीडशे घरांत वाटले तर प्रत्येक घराला १०० वॉट मिळतात. एलईडीचे तीन दिवे २७ वॉटमध्ये लागतात, एक पंखा चालतो, मोबाईल भरून निघतो. रात्री दिवे मालवल्यावर आणि दिवसा हीच वीज पिठाच्या गिरणीला किंवा पाण्याच्या पंपाला देता येते. उजेडासाठी वीज थोडी लागते, आणि त्या थोड्या विजेने मुलांचा रात्रीचा अभ्यास होतो. म्हणून उजेडासाठी दिलेले लहान अनुदान मोठे काम करते.

आता कोणी म्हणाले, 'थंडी फार आहे, शेगडी लावतो,' तर काय होईल? विजेची साधी शेगडी १,००० वॉट घेते. पंधरा घरांनी शेगड्या लावल्या की संपूर्ण गावाची वीज संपली! उरलेली एकशे पस्तीस घरे अंधारात. उजेड आणि ऊब या दोन गरजांमध्ये असा दहा-वीस पटींचा फरक आहे. थंड प्रदेशातल्या ऊर्जेचा खरा पेच हाच.

थंडीची बरी-वाईट बाजू

थंडी म्हणजे काय हे खानदेशाला अगदीच अपरिचित नाही. धुळ्याचा पारा कधी कधी ६ अंशांच्याही खाली उतरतो, आणि रावेर-यावलचे शेतकरी केळी वाचवण्यासाठी रात्री बागेत काडीकचरा पेटवून धूर करतात. पण लडाखमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह भागात, हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो. तिथे आपल्या बिलगावसारखा संच बसवला तर? ऐन थंडीत ओढ्याचे पाणी गोठू लागते आणि प्रवाह आटतो. जेव्हा ऊर्जेची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच वीज सर्वांत कमी! बॅटरीतील रासायनिक क्रियाही थंडीने मंदावतात. उणे २० अंशांना शिसे-आम्ल बॅटरी नेहमीच्या निम्म्याच्या आसपासच वीज देते. ती पूर्ण उतरलेली असेल तर आतील द्रव शून्याखाली काही अंशांवरच गोठून बॅटरी फुटू शकते.

पण थंडीचे काही फायदेही आहेत. सौर पट्टी तापली की तिची वीज घटते, दर अंशाला साधारण ०.४ टक्का. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ साली १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. तेथील पट्ट्या उन्हाळ्यात ६५ अंशांपर्यंत तापल्या, तर २५ अंशांच्या मानाने वीज १६ टक्क्यांनी कमी पडेल. लडाखच्या स्वच्छ उन्हात ५ अंशांवर असलेली तशीच पट्टी उलट ८ टक्के जास्त देईल. वाऱ्याचेही तसेच. थंड हवा दाट असते. समान वेग आणि समान दाब असेल तर उणे २० अंशांचा वारा ३५ अंशांच्या वाऱ्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त शक्ती वाहून आणतो.

ऊब निर्माण करू नका, पळू देऊ नका

मग घर कसे उबवायचे? येथे भौतिकशास्त्र एक सोपी वाट दाखवते. घर थंड पडते, कारण भिंती, छप्पर आणि फटींतून उष्णता बाहेर पळते. समजा, घराच्या भिंती व छप्पर मिळून १०० चौरस मीटर आहेत, आत १० अंश आणि बाहेर उणे १० अंश. म्हणजे फरक २० अंशांचा. साध्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, दीड वॉट उष्णता जाते असे धरू. एकूण गळती ३,००० वॉट, म्हणजे दिवसाला ७२ युनिट.

आता भिंत दुहेरी करा आणि मधल्या पोकळीत गवताचा पेंढा भरा. पेंढ्यात अडकलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. गळती दीड वॉटवरून अर्ध्या वॉटवर आली तर दिवसाला २४ युनिटच लागतील. रोजची ४८ युनिट वाचली, तीही यंत्राशिवाय.

उरलेली २४ युनिट सूर्याकडून मागून घेऊ. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो. २२ डिसेंबरला भर दुपारी तो जळगावात क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर, तर लेहला ३२ अंशांवर दिसतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात खोलवर शिरते. १० चौरस मीटर काचेवर पाच तास, चौरस मीटरला ६०० वॉट याप्रमाणे ऊन पडले आणि त्यातील सात दशांश आत आले, तर २१ युनिट झाली. गरज जवळजवळ भागली! खिडकीला रात्री जाड पडदा मात्र हवा. हा अर्थात स्थूल हिशेब आहे. पण लडाखमध्ये फे गावाजवळ 'सेकमोल' संस्थेच्या मातीच्या इमारती याच तत्त्वावर उन्हाने उबदार राहतात.

याच तत्त्वाची हरितगृहे 'जेरेस' या फ्रेंच संस्थेने स्थानिक संस्थांबरोबर लडाखमध्ये पसरवली. त्या कामाला २००९ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. दक्षिणेला प्लॅस्टिकचा पडदा, इतर बाजूंना पेंढा भरलेल्या दुहेरी मातीच्या भिंती. त्यामुळे भर हिवाळ्यात पालेभाजी उगवते. अनुदानाची वाटणी लक्ष देऊन पाहा. विटा पाडणे, भिंती उभारणे हे कुटुंबाने करायचे. गावात न मिळणाऱ्या वस्तू, जसे उन्हात टिकणारे प्लॅस्टिक, मदतीतून यायच्या. लहान रक्कम अशी नेमक्या जागी लावली की ती पुष्कळ घरांना पुरते.

पाटकरी कोण?

आता तिसरा प्रश्न राहिला. यंत्र बिघडले तर काय? अनुदान एकदाच येते, पण बेअरिंग झिजणे, गाळ साचणे, तार तुटणे हे दर हंगामाला चालू असते. पैसे देणारा तोवर दूर गेलेला असतो.

याचे उत्तर आपल्या पांझरेच्या काठी कित्येक पिढ्या आहे. धुळे जिल्ह्यातील फड पद्धत आठवा. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाचे पाणी फडाफडाला पाळीने. बंधारा बांधला की काम संपले असे तेथे कोणी मानले नाही. पाणी वाटायला पाटकरी नेमला, त्याची मजुरी शेतकऱ्यांनीच द्यायची असे ठरवले आणि पाट साफ करायला सर्वांनी हात लावला. विजेच्या लहान संचालाही असा पाटकरी लागतो. दर घराने महिन्याला थोडी रक्कम टाकावी, गावातील दोघा-चौघांना दुरुस्ती शिकवावी आणि कोणी चोरून शेगडी लावली तर काय करायचे हे आधीच ठरवावे. संच किती वर्षे टिकेल हे यंत्रापेक्षा या ठरावावर अवलंबून असते.

तरीही सर्व काही गावाच्या हाती नसते. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी वर चढले आणि बिलगावचे वीजघर बुडाले. एका मोठ्या धरणाच्या पाण्याखाली एक लहान वीजघर गेले. जागा निवडताना नदी आज कोठवर येते एवढेच पाहून भागत नाही, उद्या कोठवर येईल हेही पाहावे लागते. मात्र गावाने जे शिकून घेतले होते, ते पाण्यात बुडत नाही.

करून पाहा

या हिवाळ्यात एक प्रयोग करा. सारख्या मापाचे झाकणाचे दोन डबे घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी मोठ्यांच्या मदतीने भरा. एक डबा उघडा ठेवा, दुसरा कापसात किंवा जुन्या गोधडीत गुंडाळा. दर पंधरा मिनिटांनी तापमापकाने तापमान घेऊन आलेख काढा. दोन तासांनी दोन रेषांमध्ये जे अंतर पडलेले दिसेल, तेवढी ऊब गोधडीने इंधनाचा एक थेंबही न जाळता राखली. आपल्या कोड्यातल्या गावाने अनुदानाचा पहिला रुपया कशावर खर्च करावा, हे तो आलेख समोर ठेवून तुम्हीच ठरवा.