आजीचे चार प्रश्न आणि फ्रीमाँट

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर कृपया संपादकांना धरा, मला नको! मराठी विभागासाठी लेख दे म्हणून रूममेट मागे लागली, तेव्हा मी साफ नाही म्हणाले होते. पण सुट्टीत पाटणला आजीकडे गेले आणि विषयच गळ्यात पडला.

झालं असं. माझा दादा दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेत गेला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाच्या शहरात राहतो. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. त्या दिवशी आजीने विचारलं, "अरे, तुझं गाव कसलं आहे ते तरी सांग."

दादा म्हणाला, "आजी, गाव नाही गं, सबर्ब आहे. घरं, रस्ते, ऑफिसं. बघण्यासारखं काही नाही."

आजीला हे उत्तर अजिबात पटलं नाही. तिने एकामागून एक चार प्रश्न टाकले. गावाला नाव कुणाचं? पाणी कुठून येतं? माणसं पोटाला काय करतात? आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, "जमीन कशी आहे? हलते का?"

तुमच्यापैकी जे सातारा जिल्ह्यातले आहेत त्यांना हा चौथा प्रश्न लगेच कळेल. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी सोळा-सतरा वर्षांची होती. दादा म्हणाला, "नाही आजी, तसं काही नाही इकडे." मी टी.ई. सिव्हिलला आहे. दादा थाप मारतोय एवढं मला कळलं, पण खरं काय हे मलाही नीट माहीत नव्हतं. मग सबमिशन बाजूला ठेवून तीन आठवडे वाचन केलं. जे सापडलं ते आजीच्याच क्रमाने सांगते.

प्रश्न पहिला : नाव कुणाचं?

फ्रीमाँट हे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या आग्नेय किनाऱ्यावर आहे. पश्चिमेला उपसागर आणि मिठागरं, पूर्वेला डोंगर, मध्ये सपाट पट्टा. डोंगरातलं मिशन पीक हे शिखर साधारण ७६७ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा बरंच बुटकं.

मूळ रहिवासी ओलोनी लोक. १७९७ मध्ये स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्री फर्मिन लासुएन यांनी इथे मिशन सॅन होजेची स्थापना केली. कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांपैकी हे चौदावं. मी कॉन्व्हेंटमधली असल्यामुळे मिशन म्हटलं की मला सकाळची प्रार्थना आणि सिस्टरांची शिट्टी आठवते. पण इथल्या मिशनची गोष्ट इतकी साधी नाही. ओलोनींना मिशनच्या शेतात राबवलं गेलं, त्यांची भाषा आणि चालीरीती मोडल्या गेल्या आणि युरोपातून आलेल्या रोगांनी त्यांच्यातली खूप माणसं मेली. १८३० च्या दशकात मेक्सिकन सरकारने मिशनच्या जमिनी काढून घेतल्या, त्या बहुतांशी मोठ्या जमीनदारांच्या घशात गेल्या. १८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला आणि त्याच सुमारास सोनं सापडल्याने माणसांचा लोंढा सुरू झाला.

यानंतर शंभर वर्षं इथे 'फ्रीमाँट' नव्हतंच! पाच वेगवेगळी गावं होती : मिशन सॅन होजे, नाइल्स, सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन आणि वॉर्म स्प्रिंग्ज. भोवती फळबागा आणि शेती. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं फोफावली, तेव्हा गावकऱ्यांच्या लक्षात आलं की आपण एकत्र आलो नाही तर आपल्या जमिनीचं नियोजन दुसरेच कुणी तरी करतील. वॉली पाँड यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली आणि २३ जानेवारी १९५६ ला पाचही गावांचं मिळून एक शहर झालं. नाव दिलं जॉन सी. फ्रीमाँट या संशोधक-प्रवाशाचं. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा पहिला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तोच.

गंमत म्हणजे शेजारचं न्यूआर्क गाव यात यायला तयार झालं नाही. ते १९५५ मध्येच स्वतंत्र शहर झालं. त्यामुळे नकाशावर बघाल तर फ्रीमाँटच्या पोटात न्यूआर्क असं भोक दिसतं. आणि फ्रीमाँटला जुना, गजबजलेला मध्य का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. पाच गावांना पाच चौक होते. नवीन शहराचा मध्य त्यांच्यामधल्या मोकळ्या शेतांत आखावा लागला. दादाला 'बघण्यासारखं काही नाही' असं वाटतं, कारण तो त्या आखलेल्या भागात राहतो!

प्रश्न दुसरा : पाणी कुठून येतं?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. अलामेडा क्रीक नावाची छोटी नदी नाइल्सच्या घळीतून डोंगराबाहेर पडते आणि सपाटीवर येताच वेग मंदावल्याने आपला गाळ, वाळू, खडी पंख्यासारखी पसरवते. हजारो वर्षांत साठलेल्या या थराला 'नाइल्स कोन' म्हणतात. खडी म्हणजे पोकळ्या, आणि पोकळ्या म्हणजे भूजल.

गावं वाढली तसा उपसा वाढला. पाण्याची पातळी खाली गेली आणि उपसागराचं खारं पाणी जमिनीखालून आत घुसू लागलं. आपल्या किनारपट्टीवरच्या विहिरी खाऱ्या होतात, तोच प्रकार. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अलामेडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्टने यावर जो उपाय केला तो आपल्या सिलॅबसमध्ये हवा होता. खडी काढून काढून नदीकाठी मोठाले खड्डे झाले होते. त्यांनी नदीत हवा भरून फुगवायचे रबरी बंधारे घातले, अडवलेलं पाणी या खड्ड्यांत वळवलं आणि ते हळूहळू जमिनीत मुरू दिलं. गोड्या पाण्याचा दाब वाढला की खारं पाणी मागे हटतं. शिवाय दुरून कालव्याने पाणी आणलं, ते वेगळं. आज ते खड्डे म्हणजे 'क्वारी लेक्स' हे सुंदर उद्यान आहे. बंधाऱ्यांमुळे मासे अडतात म्हणून त्यांच्यासाठी शिड्याही बांधल्या आहेत.

आणखी एक गोष्ट. नाइल्स कोनाच्या आरपार एक भिंत आहे, जमिनीखाली. तिच्या एका बाजूच्या आणि दुसऱ्या बाजूच्या भूजलाची पातळी वेगवेगळी असते. ही भिंत माणसाने बांधलेली नाही. ती कसली, ते चौथ्या प्रश्नात.

प्रश्न तिसरा : माणसं पोटाला काय करतात?

आधी शेती आणि मीठ. मग १८६९ मध्ये नाइल्सच्या घळीतून रेल्वे आली आणि पूर्वेकडून निघालेला लोहमार्ग उपसागरापर्यंत पोचला. १९१२ मध्ये त्याच नाइल्समध्ये एसने कंपनीने स्टुडिओ थाटला. डोंगर, घळ, रेल्वे असा काउबॉय चित्रपटांचा सगळा सेट तयारच होता. ब्राँको बिली अँडरसन हा तिथला हीरो. १९१५ मध्ये चार्ली चॅप्लिनने 'द ट्रॅम्प' तिथेच केला. १९१६ मध्ये स्टुडिओ बंद पडला. म्हणजे दादा, तुझ्या 'काही नसलेल्या' गावात चॅप्लिन फिरून गेलाय!

मेकॅनिकलवाल्यांनी आता कान टवकारावेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सने इथे कारखाना काढला. संप, गैरहजेरी आणि सदोष गाड्या यासाठी तो बदनाम झाला आणि १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू केला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. पण आता प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी होती. काही चुकलं तर ती ओढायची, मदतीला माणूस येतो, आणि गरज पडली तर पूर्ण लाइन थांबते. पूर्वी लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा होता, आता चूक झाकून पुढे ढकलणं हा गुन्हा ठरला. थोड्याच काळात गाड्यांचा दर्जा एवढा सुधारला की जगभरच्या मॅनेजमेंटच्या पुस्तकांत हा कारखाना पोचला. मंदीच्या काळात जनरल मोटर्स बाहेर पडली आणि एप्रिल २०१० मध्ये नुम्मीही बंद झाली. त्याच वर्षी टेस्लाने ती जागा घेतली आणि २०१२ पासून तिथे मॉडेल एस बनू लागली.

सगळंच यशस्वी झालं असं नाही. सोलिंड्रा ही सौर पॅनेलची कंपनी इथलीच. ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला सरकारी हमी मिळूनही ती २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली.

१९६० मध्ये ४३,७९० असलेली लोकसंख्या २०२० मध्ये २,३०,५०४ झाली. आज निम्म्याहून जास्त लोक आशियाई वंशाचे आहेत, त्यात भारतीय आणि चिनी मोठ्या संख्येने. अफगाणिस्तानातल्या युद्धांमुळे आलेले अफगाणही इतके, की सेंटरव्हिलच्या एका भागाला 'लिटल काबूल' म्हणतात.

प्रश्न चौथा : जमीन हलते का?

हलते, आजी. रोज हलते.

डोंगराच्या पायथ्याने, शहराच्या मधून, हेवर्ड फॉल्ट जातो. भूजलाची ती भिंत म्हणजे हाच. घासून भुगा झालेली माती पाणी आरपार जाऊ देत नाही. फॉल्टच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. त्यातलं काही सरकणं सावकाश, गुपचूप होतं, वर्षाला सरासरी ५ मिलिमीटर. याला 'क्रीप' म्हणतात. त्याने फुटपाथचे कठडे वाकडे होतात, भिंतींना तडे जातात. पण खोलवर ही सरक वर्षाला साधारण ९ मिलिमीटर व्हायला हवी. मग उरलेले ४ मिलिमीटर कुठे गेले? ते खडकात ताण म्हणून साठतात. दीडशे वर्षांचा हिशेब करा : ६० सेंटिमीटर. तो ताण एका दमात सुटला की मोठा भूकंप.

असा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ ला झाला. मिशन सॅन होजेचं चर्च कोसळलं. आज दिसतं ते १९८५ मध्ये पूर्ण झालेलं, जुन्यासारखं बांधलेलं. त्याआधीचे भूकंप कसे कळले? फ्रीमाँटच्या बार्ट स्टेशनशेजारी टायसन्स लगून नावाचं तळं आहे. फॉल्टच्या हालचालीनेच तिथे जमीन खचून खोलगट भाग झाला. शास्त्रज्ञांनी तिथे चर खणले, गाळाचे तुटलेले थर मोजले आणि त्यातल्या सेंद्रिय कणांचं वय काढलं. गेल्या सुमारे १९०० वर्षांत बारा मोठे भूकंप सापडले. शेवटच्या पाचांमधलं अंतर सरासरी १४० वर्षं. १८६८ अधिक १४०, झाले २००८. ती तारीख उलटून गेली आहे.

पण सरासरी म्हणजे टाइमटेबल नव्हे. कधी शंभरच्या आत, कधी दीडशेच्या वर, असं अंतर पडलेलं आहे. म्हणून शास्त्रज्ञ तारीख देत नाहीत, शक्यता देतात. २०१४ ते २०४३ या काळात हेवर्ड फॉल्टवर ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता त्यांनी ३३ टक्के धरली आहे.

कोयनेचं गणित वेगळं. तिथे दोन प्लेटांची हद्द नाही. धरणात साठलेल्या पाण्याचा भूकंपाशी संबंध असल्याचं ते जगातलं एक ठळक उदाहरण मानलं जातं. कारण वेगळं, पण घर पडतं ते सारखंच. आणि दोन्हीकडे माणसं मारतो तो भूकंप नव्हे, वाईट बांधकाम आणि न बांधलेलं सामान.

पुढच्या रविवारी हे सगळं मी कॉलवर सांगितलं. दादा आधी हसला. "तुला सबमिशनं नाहीत वाटतं?" मग मी विचारलं, "तुझा गीझरचा उंच टँक भिंतीला पट्ट्याने बांधलाय का? पुस्तकांचं कपाट स्क्रूने आवळलंय का? पलंगाखाली बूट आणि टॉर्च आहे का?" तिन्हीला उत्तर नाही. म्हणाला, "बघू गं, भाड्याचं घर आहे."

तेव्हा आजी बोलली. त्या पहाटेबद्दल ती आमच्याशी कधीच बोलली नव्हती. एवढंच म्हणाली, "आमची भिंत बाहेरच्या अंगाला पडली, म्हणून तुम्ही आहात रे. शेजारच्यांची आत पडली."

दादा काहीच बोलला नाही. बुधवारी रात्री मला हॉस्टेलवर असताना फोटो आला : कपाट, वर दोन लोखंडी कोन, चार स्क्रू. खाली लिहिलं होतं, 'घरमालकाला विचारलं. आजीला दाखव.' शनिवारी आणखी एक आला, टायसन्स लगूनचा. पाणी, लव्हाळी आणि मागे स्टेशन.

आजीने तो फोटो बराच वेळ पाहिला, असं आई सांगत होती. मग म्हणाली, "तळं आहे म्हणजे गावच आहे की. सबर्ब काय म्हणतो मेला!"